खोकं, बॅटरी आणि पफिनचं पिल्लू

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर वेस्टमन्नाएयार नावाचा बेटांचा पुंजका आहे. लहानमोठी पंधराएक बेटं, पण माणसांची कायमची वस्ती फक्त एकावर, हेमाएवर. साडेतेरा चौरस किलोमीटरचं हे बेट, साडेचार हजारांच्या आसपास माणसं, मासेमारीचं बंदर आणि भोवती समुद्रात सरळ उतरणारे कडे. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथल्या घरांतला झोपण्याच्या वेळेचा नियम सैल होतो. एरवी वेळेवर अंथरुणात पाठवली जाणारी मुलं रात्री अकरा-बारा वाजता, कधी त्याहूनही उशिरा, आईबाबांबरोबर रस्त्यावर असतात. कोणी पायी, कोणी हळूहळू चालणाऱ्या गाडीत. हातात बॅटरी, काखेत पुठ्ठ्याचं खोकं. बंदरातल्या पेट्यांच्या मागे, उभ्या गाड्यांच्या खाली, घरांच्या बागांत वाकून वाकून ही मंडळी पफिनची पिल्लं शोधत असतात.

आज नातवंडांबरोबर निघणारे आजोबाही लहानपणी असंच खोकं घेऊन फिरलेले असतात. मुलांना प्राण्यांच्या मदतीला कसं लावावं, हा प्रश्न आपल्याकडे आता पुष्कळ पालकांना पडतो. त्यांच्यासाठी हेमाएची ही पद्धत बारकाईनं पाहण्यासारखी आहे. प्राण्यांवर प्रेम कर, असं मुलाला कितीही सांगितलं तरी ते हवेत राहतं. त्याच्या हाताला झेपेल असं, सुरुवात आणि शेवट असलेलं खरं काम त्याला मिळालं आणि शेजारी आई किंवा बाबा असले, की त्या प्रेमाला करण्यासारखं काही मिळतं. हेमाएच्या मुलांना असं काम आयतं मिळालं, आणि ते का मिळालं हे कळण्यासाठी आधी पफिन समजून घ्यायला हवा.

पफिन हा उत्तर अटलांटिकचा पक्षी. साधारण पारव्याएवढा, पण अंगानं भरलेला. पाठ काळी, पोट पांढरं आणि विणीच्या काळात चोचीवर केशरी, पिवळे, निळसर पट्टे. चारशे ते पाचशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी पाण्याखाली पंखांनी पोहतो आणि साठ मीटरपर्यंत बुडी मारू शकतो. पाण्यात वल्ह्याचं काम करणारे पंख आखूडच असावे लागतात, आणि त्याची किंमत हवेत मोजावी लागते. पफिनला मिनिटाला चारशेच्या आसपास वेळा पंख मारावे लागतात, तेव्हा कुठे तो हवेत राहतो. कड्यावरून खाली झेप घेणं किंवा पाण्यावर धावत जाऊन उठणं त्याला जमतं. सपाट डांबरी रस्त्यावरून उठणं, तेही आयुष्यातल्या पहिल्याच रात्री, फार अवघड जातं.

जगातल्या पफिनांपैकी निम्म्याच्या आसपास आइसलँडमध्ये वीण करतात आणि त्यांची सर्वांत मोठी वसाहत याच बेटांवर आहे. वसंतात ते समुद्रावरून परततात आणि कड्यांच्या माथ्यावरच्या गवताळ मातीत हातभर लांब, कधी त्याहून लांब बीळ उकरतात किंवा जुनंच बीळ साफ करतात. जोडी सहसा वर्षानुवर्षं तीच राहते. मादी वर्षाला एकच अंडं घालते. सुमारे सहा आठवडे दोघं ते आळीपाळीनं उबवतात आणि नंतर जवळजवळ तितकेच दिवस पिल्लाला मासे आणून भरवतात. चोचीत आडव्या धरलेल्या माशांची झालर घेऊन उडणारा पफिन अनेकांनी चित्रात पाहिला असेल. टाळूवरच्या आणि जिभेवरच्या काट्यांमुळे आधीचे मासे न सांडता त्याला पुढचा मासा पकडता येतो.

आइसलँडच्या भाषेत या पिल्लाला पिस्या म्हणतात. ते राखाडी चोचीचं असतं. ऑगस्टच्या मध्यानंतर, पंख पुरते फुटले की ते एका रात्री एकटंच बिळातून बाहेर येतं. रात्रच का, तर दिवसा बाहेर मोठे कुरव आणि लुटारू स्कुआ पक्षी टपलेले असतात. सोबतीला आईबाप नसतात, वाट दाखवायला कोणी नसतं. कड्यावरून उडी मारायची, समुद्रावर उतरायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं जमिनीला पाय न लावता खुल्या समुद्रात काढायची, असा त्याचा जन्मजात बेत असतो.

समुद्र कुठे आहे हे त्याला कोण सांगतं? अंधाऱ्या रात्री जमीन काळी दिसते आणि आकाशाचा उजेड परतवणारं पाणी त्याहून उजळ दिसतं. उजेडाच्या दिशेनं निघालं की समुद्र सापडतो, हा हिशेब लाखो वर्षं बरोबर ठरत आला असणार. विजेचे दिवे आले आणि तो चुकला. हेमाएचं गाव बंदराला लागून आहे, कडे त्याच्या अगदी जवळ आहेत आणि रात्री सगळ्यांत उजळ दिसतं ते गावच. पिल्लू कड्यावरून झेपावतं, गावाच्या दिव्यांकडे वळतं आणि रस्त्यावर येऊन आदळतं. ढगाळ, बिनचांदण्याच्या रात्री अशी पिल्लं जास्त पडतात. समुद्री पक्ष्यांच्या इतर काही जातींतही हेच आढळलं आहे. चंद्र मोठा असला की दिव्यांचा भुलावा कमी पडतो.

खाली पडलेलं पिल्लू बहुधा जखमी नसतं. ते भांबावलेलं असतं, एखाद्या आडोशाला शिरून बसतं आणि तिथून उठू शकत नाही. सकाळ झाली की मांजरं, गाड्या आणि कुरव. बंदराच्या पाण्यात पडलं तर तेलाचा तवंग पिसांना लागतो आणि पिसांतून पाणी आत शिरायला लागतं. थंड समुद्रातल्या पक्ष्याला याचा अर्थ मरणच.

हे सगळं असं जुळून आल्यामुळे मुलांसाठी काम तयार होतं. पिल्लाला चोच आहे, ते चावतं, नखं मारतं, पण सात-आठ वर्षांच्या मुलाला गंभीर इजा करील एवढं त्याचं बळ नसतं. त्याला औषध लागत नाही, शस्त्रक्रिया लागत नाही, बहुतेक वेळा भरवावंही लागत नाही. त्याला गरज असते ती रस्त्यावरून उचलून, रात्रभर सुरक्षित ठेवून समुद्रापर्यंत नेऊन सोडणाऱ्या कोणाची तरी. गाड्यांखाली शिरलेलं पिल्लू पाहायला लहान मूल मोठ्या माणसापेक्षा चांगलं, कारण ते मुळातच जमिनीजवळ असतं. मोठ्यांची कामं वेगळी आहेत. गाडी चालवायची, बंदरातल्या धोक्याच्या कडेपासून मुलांना दूर ठेवायचं, कुठल्या आवारात शिरायला चालेल ते ठरवायचं, आणि मूल दमलं की घरी चला म्हणायचं. ही वाटणी मला फार मोलाची वाटते. प्राण्यांच्या मदतीच्या नावाखाली मुलाला नुसतं बघायला उभं करण्याची चूक इथे होत नाही, आणि त्याच्यावर न पेलणारी जबाबदारी टाकण्याचीही नाही.

पकडायचीही रीत आहे. मागून जायचं, दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरायचं, दाबायचं नाही. खोक्यात हवेसाठी भोकं हवीत. एका खोक्यात दाटीवाटी नको. खायला-प्यायला काही घालायचं नाही. खोकं रात्रभर थंड, शांत जागी ठेवायचं आणि सारखं उघडून बघायचं नाही. मुलांना सगळ्यांत जड जाणारा नियम हाच असणार. आपण वाचवलेलं पिल्लू घरातच आहे, आणि तरी त्याला एकटं सोडायचं. पक्ष्यांच्या फ्लूच्या साथी पाहता हातमोजे घालणं आणि नंतर साबणानं हात धुणं हेही आता त्यात आलंच.

दुसऱ्या दिवशी पिल्लाचं वजन होतं. ही वजनं 2003 पासून पद्धतशीर नोंदली जात आहेत. पिल्लं मोजायची, तोलायची, काहींच्या पायात कडी घालायची आणि सोडायची. तेल लागलेली किंवा फारच अशक्त पिल्लं तेवढी बचाव केंद्रात ठेवून, धुऊन, खाऊ घालून बरी करतात. हे केंद्र आता बेलुगा देवमाशांसाठी 2019 मध्ये बेटावर उभारलेल्या अभयारण्याबरोबर चालतं. प्राण्यांच्या कथांना या बेटावर तोटा नाही. ‘फ्री विली’ या चित्रपटामुळे जगभर माहीत झालेला केइको हा ओर्का 1998 मध्ये इथल्याच एका खाडीत आणून ठेवला होता.

सुदृढ पिल्लांचा निरोप बेटाच्या कड्यांवर होतो. मूल पिल्लाला दोन्ही हातांत धरून कड्याच्या माथ्यावर येतं, पण धारेपासून मागेच थांबतं. मग हात खाली नेऊन पिल्लाला जोरानं वर आणि पुढे समुद्राकडे भिरकावतं. आपल्याला हे पाहून धस्स होईल, पण पिल्लाच्या पंखांना उठायला नेमका हाच वेग लागतो. हवेत गेलं की ते पंख फडफडवायला लागतं आणि दूर पाण्यावर जाऊन उतरतं. दिवसाउजेडी सोडायचं, म्हणजे गावाचे दिवे पुन्हा खुणावणार नाहीत.

आता या सगळ्याचा पफिनच्या जातीला उपयोग किती? प्रश्न अवघड आहे आणि त्याला सोयीचं उत्तर देऊ नये. चांगल्या वर्षी बेटावर काही हजार पिल्लं वाचवली जातात. बेटांवरच्या पफिनांची संख्या लाखांत आहे. वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या आणि वीसेक वर्षं जगणाऱ्या पक्ष्याचं भवितव्य मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. मोठे पक्षी किती जगतात आणि पिल्लांना पुरेसे मासे मिळतात का. या बेटांवरच्या पफिनचं मुख्य खाणं सँडईल हा बारीक, लांबट, वाळूत दडणारा मासा. 2000 नंतरच्या दशकात आइसलँडच्या दक्षिणेला हा मासा घटला. त्यानंतर अनेक वर्षं असंख्य जोड्यांची पिल्लं बिळातच उपाशी मेली किंवा अंडीच घातली गेली नाहीत. त्या उन्हाळ्यांत मुलं खोकी घेऊन बाहेर पडायची आणि रिकाम्या हातांनी परत यायची. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं अटलांटिक पफिनला धोक्याच्या छायेतल्या जातींत घातलं. समुद्राचं तापमान आणि माशांचा साठा यांपुढे पुठ्ठ्याचं खोकं काही करू शकत नाही.

तरी मुलांनी तोललेल्या पिल्लांची वजनं शास्त्रज्ञांच्या फार उपयोगाची ठरली आहेत. पिल्लू किती ग्रॅमचं आहे यावरून त्या उन्हाळ्यात समुद्रात खाणं किती होतं हे कळतं. पिल्लं गावात कधी पडायला लागली यावरून विणीचा हंगाम लवकर आला की उशिरा, हे कळतं. जास्त वजनाच्या पिल्लाला पुढे जगण्याची संधी जास्त. वीस वर्षांहून जास्त काळ चाललेली अशी नोंद पगारी माणसं ठेवून मिळवायची म्हटली तर तिचा खर्च कोणाला परवडला असता? इथे ती शाळकरी पोरांनी आईबाबांबरोबर रात्री जागून दिली आहे. आपण वाचवलेल्या पिल्लाचा आकडा कुठेतरी लिहिला जातो, त्याचा कोणाला तरी उपयोग होतो, हे मुलाला कळणं मला पिल्लू वाचण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती लपवली तर चित्र खोटं होईल. हेमाएचे लोक पफिन खातातही. लांब दांड्याच्या जाळीनं उडते पफिन पकडण्याची इथली परंपरा जुनी आहे आणि ऑगस्टच्या सुरुवातीला भरणाऱ्या बेटाच्या मोठ्या उत्सवात धुरावलेला पफिन हा खास पदार्थ. सँडईल घटल्यानंतर शिकारीचे दिवस फार कमी केले गेले. ज्यांच्या घरात पूर्वी पफिन शिजायचा, त्याच घरांतली मुलं आज त्याची पिल्लं वाचवतात. आपल्यातल्या कित्येकांना हे पचणार नाही. पण कोकणात मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा जाळ्यात अडकलेलं कासव सोडवून परत समुद्रात टाकतो, तेव्हा त्याच्या दयेवर आपण शंका घेत नाही. निसर्गातून पोट भरणाऱ्या समाजाला त्या निसर्गाची काळजीही असते, आणि ती बऱ्याचदा शहरातल्या काळजीपेक्षा जास्त जाणती असते.

हेमाएनं संकटही अंगावर घेतलं आहे. 23 जानेवारी 1973 च्या रात्री गावाच्या कडेला जमीन फाटली आणि एल्डफेल हा नवा ज्वालामुखी जन्मला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मच्छीमार बोटी नशिबानं बंदरातच होत्या, म्हणून पाच हजारांवर माणसं रातोरात सुखरूप बाहेर पडली. सुमारे चारशे घरं राखेखाली आणि लाव्ह्याखाली गेली. लाव्हा बंदराचं तोंड बंद करील म्हणून त्यावर महिनोन्‌महिने समुद्राचं पाणी मारलं गेलं आणि बंदर वाचलं. बहुतेक लोक परतले, मुलंबाळं पुन्हा बेटावर वाढली आणि ऑगस्टमधली रात्रीची शोधाशोधही चालू राहिली.

उजेडानं भुललेल्या समुद्री पिल्लांना उचलण्याचं काम आता इतरत्रही चालतं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये विटलेस बेच्या किनाऱ्यावर पफिनसाठीच स्वयंसेवक रात्री फिरतात. हवाईच्या कवाई बेटावर शिअरवॉटर पक्ष्यांसाठी 1979 पासून असा कार्यक्रम आहे. सापडलेला पक्षी लोक अग्निशमन केंद्रांत ठेवलेल्या खास पेट्यांत नेऊन ठेवतात. कवाईवर दिव्यांवरच इलाज करण्याचाही प्रयत्न होतो. दिव्यांना वरून झाकण घालणं, हंगामापुरते अनावश्यक दिवे बंद ठेवणं हे उपाय साधे आहेत आणि पिल्लू उचलण्यापेक्षा मुळाशी जाणारे आहेत.

उजेडाचा हा प्रश्न आपल्या किनाऱ्यालाही आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास, नाना फडणवीसांचं गाव, आता ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 च्या सुमाराला तिथे गावकऱ्यांच्या साथीनं काम सुरू केलं. मादी वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालून निघून जाते. ती अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं यांच्यापासून वाचवण्यासाठी कुंपणाच्या आत पुरतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. ही पिल्लंही उजळ क्षितिजाकडे चालतात. किनाऱ्यावर हॉटेलांचे आणि रस्त्याचे प्रखर दिवे आले की तीही उलट्या दिशेला फिरतात. वेळासला मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबाबांनी तिथला एक नियम नीट पाहावा. पिल्लं वाळूवर सोडतात आणि ती स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत जातात. माणसं दोरीमागे उभी राहतात. कोणी पिल्लाला उचलून पाण्यात नेत नाही. इथे मुलाचं काम आहे ते हात न लावता थांबण्याचं. तेही काम आहे, आणि मुलाला तसं सांगून दिलं तर ते मन लावून करतं.

म्हणजे हेमाएचा धडा जशाचा तसा इथे आणता येत नाही. पावसाळ्यात वादळी वाऱ्यांबरोबर मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर बूबीसारखे समुद्री पक्षी येऊन पडतात. ते दमलेले, उपाशी, कधी जखमी असतात. पफिनच्या पिल्लासारखं त्यांना समुद्रात भिरकावलं तर ते मरतील. अशा पक्ष्याभोवतीची गर्दी आणि कुत्री दूर ठेवायची, शक्य असेल तर मोठ्या माणसानं टॉवेल टाकून त्याला खोक्यात ठेवायचं आणि वन विभागाला कळवायचं. महाराष्ट्रात वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे. चोचीत पाणी ओतायचं नाही. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि मायेनं पाजलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं.

एप्रिल-मेमध्ये झाडाखाली बुलबुलाचं किंवा साळुंकीचं पिसं फुटलेलं पिल्लू उड्या मारताना दिसलं, तर ते बहुधा हरवलेलं नसतं. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप आसपासच असतात. मांजर येत असेल तर त्याला जवळच्या फांदीवर ठेवावं आणि लांबून लक्ष द्यावं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हा समज खरा नाही. घरी आणून दूध-पाव भरवणं मात्र खरोखर घातक आहे, आणि रानपक्षी घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. साप, वटवाघूळ, माकड यांच्याजवळ मुलाला जाऊच देऊ नये. जखमी कुत्र्यालाही मुलानं हात लावू नये. दुखणारा कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा किंवा ओरखडा लागलाच तर जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुऊन लगेच लस घ्यायला हवी.

मग मुलाला काय उरतं? पुष्कळ उरतं. संक्रांतीनंतर आठ-दहा दिवस आईबरोबर इमारतीच्या आवारात फिरून झाडांवर, तारांवर लटकलेला मांजा दिसला की नोंदवायचा, हाताशी असलेला गुंडाळून कात्रीनं तुकडे करून टाकायचा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची 2017 पासून बंदी आहे, तरी तो विकला जातो आणि घारी, घुबडं, बगळे त्यात अडकतात. अडकलेला पक्षी दिसला की मुलानं तिथेच उभं राहून नजर ठेवायची आणि बाबांनी फोन करायचा. घरात भोकं पाडलेलं एक खोकं आणि एक जुनी सुती चादर तयार ठेवायची. पाहिलेला पक्षी, तारीख, जागा, पुढे काय झालं, हे वहीत लिहायचं. गच्चीवरचा रात्रभर जळणारा दिवा कोणाच्या उपयोगाचा आहे, असं सोसायटीच्या सभेत मुलानं विचारलं तरी चालेल.

तुमच्या मुलाला प्राण्यांची ओढ असेल, तर त्याला पिल्लू आणून देऊ नका. तुमच्या भागात वर्षाच्या कोणत्या महिन्यात कोणते जीव अडचणीत येतात हे आधी जाणकारांकडून समजून घ्या, त्यातलं मुलाच्या वयाला झेपेल असं एक काम निवडा, आणि दर वर्षी त्या दिवसांत स्वतः त्याच्याबरोबर जा.